यंत्र, औषध आणि अंतिम आराधना : एक ऐतिहासिक मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त ही स्मरणिका प्रसिद्ध होत आहे, ही आपणा सर्व साधर्मी बंधू-भगिनींच्या दृष्टीने आनंदाची बाब होय. अशा प्रसंगी मंदिराचा, पाठशाळेचा, चातुर्मासांचा आणि दानशूर पूर्वजांचा इतिहास लिहिला जातो आणि तो लिहिला गेलाच पाहिजे. परंतु या पन्नास वर्षांत आपल्या घराघरांतून आणखी एक इतिहास घडत गेला, जो कोणत्याही शिलालेखावर कोरलेला नाही. तो म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अखेरच्या दिवसांचा इतिहास होय. पूर्वी माणूस घरी, आपल्या माणसांत, णमोकार मंत्र ऐकत देह ठेवीत असे. आज बहुधा त्याच्या उशाशी यंत्र असते, नाकात नळी असते आणि काचेच्या दाराबाहेर मुले-सुना डॉक्टरांच्या सहीच्या कागदाकडे पाहत उभ्या असतात.

पोहरादेवीच्या परिसराला ‘समाधी’ हा शब्द परका नाही. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे हे गाव बंजारा बांधवांची काशी म्हणून ओळखले जाते. याच वाशीम जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि प्राचीन ग्रंथभांडाराचे कारंजा आहे. अशा भूमीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात हल्ली एक प्रश्न वारंवार उभा राहतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या वडिलांना डायलिसिसवर ठेवावे काय? ठेवले तर कुठवर? आणि त्यांनी स्वतःच ‘आता पुरे’ म्हटले तर ती आत्महत्या, की सल्लेखना, की या दोहोंहून वेगळे काही? या प्रश्नाचा इतिहास शास्त्रात, रुग्णालयात आणि न्यायालयात कसा घडला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न आहे.

शास्त्रातील एक शब्द आणि व्यापाऱ्याचा दृष्टान्त

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगितले आहेत. घोर उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग हे ते चार प्रसंग होत. परंतु या चारींना त्यांनी एक अट घातली आहे आणि ती अट एका शब्दात आहे : ‘निःप्रतीकार’. ज्यावर इलाज उरलेला नाही, असा उपसर्ग. ज्यावर इलाज उरलेला नाही, असा रोग. केवळ रोग झाला म्हणून सल्लेखना नाही आणि केवळ वय झाले म्हणूनही नाही. आपल्या सबंध विषयाची किल्ली या एका शब्दात आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आचार्य पूज्यपादांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी सर्वार्थसिद्धी या ग्रंथात हाच विचार एका दृष्टान्ताने समजाविला आहे. तो दृष्टान्त आपल्यासारख्या दुकानदारांना चटकन उमगावा असाच आहे. एका व्यापाऱ्याचे घर नाना प्रकारच्या मालाने भरलेले आहे. त्या घराचा नाश व्हावा असे त्याला कधीच वाटत नाही. संकट आले तर तो आधी यथाशक्ती ते संकट दूर करू पाहतो. ते दूर होणे अशक्यच झाले, तर मग घराचा मोह सोडून तो आतील माल वाचवितो. येथे घर म्हणजे शरीर आणि माल म्हणजे व्रते, शील आणि गुण.

या दृष्टान्तातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी घर वाचविण्याचा प्रयत्न आणि तो फोल ठरल्यावरच मालाचा विचार. कापडाच्या दुकानाला आग लागली असता पाण्याची बादली हाती न घेता जो थेट तागे बाहेर फेकू लागतो, त्याला कोणी शहाणा म्हणणार नाही. त्याचप्रमाणे छप्पर कोसळू लागले तरी जो भिंतींना पाणी मारत बसतो आणि आत माल जळू देतो, तोही शहाणा नव्हे. धर्माने दोन्ही चुका टाळण्यास सांगितले आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील पहिले दोन म्हणजे जीविताशंसा आणि मरणाशंसा. जगण्याची आसक्ती हा दोष आहेच, पण मरण लवकर यावे ही इच्छाही तितकाच दोष आहे. मरणाची घाई करणाऱ्याला आपल्या शास्त्राने कधीही साधक म्हटलेले नाही.

कुंथलगिरी, १९५५

विसाव्या शतकात या विषयाकडे सबंध देशाचे लक्ष वेधणारी घटना आपल्या मराठी मुलुखाजवळच घडली. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर सल्लेखना धारण केली. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले हे क्षेत्र त्या काळी हैदराबाद राज्यात मोडत होते. महाराजांचे वय त्या वेळी ८० वर्षांच्या पुढे होते. त्यांची दृष्टी मंद होत चालली होती. दिसेनासे झाले म्हणजे पायाखालचा जीव दिसणार नाही, आहार शोधून घेता येणार नाही आणि मुनिधर्माचा पायाच असलेली अहिंसा पाळता येणार नाही, हा त्यांचा विचार होता. १४ ऑगस्टला त्यांनी सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे समाधिमरण झाले.

या घटनेकडे भक्तिभावाने पाहत असतानाच तिच्यातील शिस्तही पाहिली पाहिजे. महाराजांचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता, मन जागृत असताना घेतलेला होता आणि उघड होता. त्याच काळात त्यांनी आपल्यामागे आचार्यपद वीरसागर महाराजांकडे सोपविले, म्हणजे संघाची जबाबदारीही नीट लावून दिली. त्यात निराशा नव्हती, कोणावर राग नव्हता आणि घाईही नव्हती. मुनींच्या आचाराची मर्यादा आणि संसारी श्रावकाची मर्यादा भिन्न असते, हेही येथे विसरता कामा नये. मुनींनी जे केले ते जसेच्या तसे घरातील आजारी माणसावर लावणे हा शास्त्राचा आदर नव्हे.

काम्पेन ते सिएटल : यंत्राचा जन्म

कुंथलगिरीच्या घटनेपूर्वी सुमारे बारा वर्षे, दूर हॉलंडमध्ये एका तरुण डॉक्टरने मूत्रपिंडाच्या रोगासंबंधीचा ‘निःप्रतीकार’ हा शब्द पुसायला आरंभ केला होता. विलेम कॉल्फ हे त्याचे नाव. दुसरे महायुद्ध सुरू होते, देश जर्मनांच्या ताब्यात होता आणि सामान मिळणे दुरापास्त झाले होते. काम्पेन या लहान गावातील रुग्णालयात १९४३ साली त्याने लाकडी पट्ट्यांचे एक पिंप तयार केले आणि त्यावर सेलोफेनची लांबलचक नळी गुंडाळली. रुग्णाचे रक्त त्या नळीतून फिरवायचे आणि पिंप क्षारयुक्त पाण्यात फिरत ठेवायचे. सेलोफेनच्या सूक्ष्म छिद्रांतून रक्तातील विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात आणि रक्तपेशी आतच राहतात. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजाला गाळण्याचे हे तत्त्व समजण्यास कठीण नाही.

कापडधंद्यातील माणसाला आणखी एक गोष्ट कुतूहलाची वाटेल. सेलोफेन हे वनस्पतीतील सेल्युलोजपासून बनते. पुढे कित्येक वर्षे डायलिसिसच्या गाळणीत जो पातळ पापुद्रा सर्रास वापरला गेला, तो सरकीवर उरणाऱ्या कापसाच्या आखूड तंतूंपासून तयार होई. क्युप्रो या नावाने जे कृत्रिम रेशमी कापड बाजारात येते, त्याच्या रासायनिक प्रक्रियेचीच ही भावंडे. आज बहुतांश गाळण्या कृत्रिम प्लास्टिकच्या असल्या, तरी आपल्या वऱ्हाडात पिकणाऱ्या कापसाच्या जातीनेच एके काळी माणसाचे रक्त गाळले, हे खरे आहे.

कॉल्फचे पहिले पंधरा-सोळा रुग्ण जवळपास सर्वच दगावले. १९४५ साली मात्र ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. ही स्त्री शत्रूशी हातमिळवणी केल्याबद्दल कैदेत होती आणि गावात तिच्याविषयी तीव्र संताप होता. डॉक्टरने मात्र ती कोण आहे हे पाहिले नाही. तिला यंत्र लावले. आपल्याकडे पात्रदान आणि करुणादान असा भेद केला जातो. करुणादानात समोरच्याची योग्यता पाहायची नसते, त्याचे दुःख पाहायचे असते. कॉल्फ जैन नव्हता, परंतु त्याने त्या दिवशी केले ते करुणादानच होते.

तोवर डायलिसिस तात्पुरते होते. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली, त्यामुळे तेच यंत्र पुन्हा पुन्हा लावणे शक्य झाले. क्लाईड शील्ड्स नावाचा त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर अकरा वर्षे जगला. जो रोग काही आठवड्यांत माणूस नेत असे, त्यावर आता उपाय होता. परंतु यंत्रे मोजकी आणि रुग्ण पुष्कळ. तेव्हा कोणाला जगवायचे हे ठरविण्यासाठी तेथे सात सामान्य नागरिकांची एक समिती बसली. तीत वकील होते, धर्मोपदेशक होते, बँकवाले होते, गृहिणी होत्या. रुग्णाचे वय, त्याची मुलेबाळे, उत्पन्न, समाजातील उपयोग असे सारे तोलून ती समिती निर्णय देई. १९६२ साली ‘लाइफ’ या नियतकालिकाने ही हकीकत छापली, तेव्हा मोठी खळबळ माजली. माणसाच्या जगण्याची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवावी काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. अखेर १९७२ साली अमेरिकेने कायदा करून मूत्रपिंडाच्या जवळजवळ सर्व रुग्णांच्या डायलिसिसचा भार सरकारी विम्यावर घेतला.

आपल्याकडे अशी समिती कधी बसली नाही. परंतु ज्याच्या गाठीला पैसा आहे तो जगतो आणि ज्याच्या नाही तो घरी परततो, ही निवड समितीवाचूनही होतच राहिली.

जसलोकमधील जयप्रकाशजी

डायलिसिस हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत जून १९७५ मध्ये त्यांना अटक झाली. चंदिगढ येथे स्थानबद्धतेत असताना त्यांची प्रकृती ढासळली. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी त्यांची पॅरोलवर मुक्तता झाली आणि त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले. हे रुग्णालय एका दानशूर सिंधी घराण्याच्या ट्रस्टने उभारलेले आणि १९७३ साली खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेले. तेथे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न होऊन जयप्रकाशजींचे डायलिसिस सुरू झाले आणि त्यांचे उर्वरित आयुष्य त्या यंत्राशी बांधले गेले.

त्यांच्यासाठी यंत्र विकत घ्यावे म्हणून लोकवर्गणीचे आवाहन करण्यात आले. इंदिराजींनी पंतप्रधान साहाय्य निधीतून ९० हजार रुपये पाठविले. जयप्रकाशजींनी ती रक्कम परत केली. यंत्र सामान्य जनांच्या लहान-लहान देणग्यांतूनच यावे, असा त्यांचा आग्रह होता. मरणाच्या दारात असलेल्या माणसालाही कोणाच्या पैशाने जगावे आणि कोणाच्या नाही, हे ठरविण्याचा अधिकार असतो, ही गोष्ट या प्रसंगातून देशाने पाहिली.

पुढील जवळजवळ चार वर्षे ते डायलिसिसवर होते आणि १९७७ साली उपचारासाठी सिएटललाही जाऊन आले. या चार वर्षांत काय झाले हे सर्वांना विदित आहे. जनता पक्ष स्थापन झाला, १९७७ ची निवडणूक झाली, सत्तांतर झाले आणि या साऱ्यामागे आठवड्यातून कित्येक तास यंत्राला जोडलेला हा वृद्ध उभा होता. मार्च १९७९ मध्ये तर ते जसलोकमध्ये जिवंत असताना लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा झाली आणि सभागृहाने श्रद्धांजलीही वाहिली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे खरोखरीच देहावसान झाले.

आपल्या ट्रस्टचा जन्म ज्या काळातला, त्याच काळातली ही घटना आहे. तिचा बोध स्पष्ट आहे. १९७५ साली जयप्रकाशजींच्या घरच्यांनी ‘वय झाले, आता नको’ म्हटले असते, तर ते घर वाचविण्याचा प्रयत्न न करताच माल बाहेर काढण्यासारखे झाले असते. डायलिसिस म्हणजे मरण लांबविणे, असा जो समज आपल्याकडे आहे, तो अर्धाच खरा आहे. पुष्कळांच्या बाबतीत ते जगणे चालू ठेवणे असते.

पवनार, १९८२

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्या विदर्भातील आहे. आचार्य विनोबा भावे यांना नोव्हेंबर १९८२ च्या पहिल्या आठवड्यात पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आला. ते ८७ वर्षांचे होते. प्रारंभी उपचार झाले, प्रकृतीत थोडा उतारही पडला. त्यानंतर मात्र त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेणे थांबविले. डॉक्टरांनी विनविले, देशभरातून आलेल्या सहकाऱ्यांनी विनविले, इंदिराजी स्वतः येऊन गेल्या. विनोबांचा निश्चय ढळला नाही. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. भगवान महावीरांच्या निर्वाणाचीच ती तिथी. ज्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णींनी ‘समणसुत्तं’ हा सर्व पंथांना मान्य असा ग्रंथ सिद्ध केला, त्या विनोबांनी अखेर जैनांचाच मार्ग धरला, असे अनेकांना वाटले.

जयप्रकाशजी आणि विनोबा हे दोघे एकाच सर्वोदय परिवारातील. एकाने यंत्र स्वीकारले, दुसऱ्याने औषध नाकारले. कोणता मार्ग अधिक धर्म्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु हा प्रश्नच अपुरा आहे. एकाच्या पुढे अजून कार्य होते आणि रोगावर उपाय होता. दुसऱ्याने आपले कार्य वर्षांपूर्वीच आवरून घेतले होते. दोघांचे निर्णय मात्र दोघांनी स्वतः, शुद्धीवर असताना घेतले आणि भोवतालच्यांनी ते मानले. त्या दोघांत हेच साम्य आहे आणि तेच महत्त्वाचे आहे.

केईएम रुग्णालयातील वैयावृत्य

ज्याला स्वतःचा निर्णय सांगताच येत नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे नाव अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयाच्या खाटेवर राहिल्या. लेखिका पिंकी विरानी यांनी त्यांना या अवस्थेतून मुक्त करावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती मागणी अमान्य केली. मात्र त्याच निकालात विशिष्ट परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीव टिकवून ठेवणारे उपचार थांबविता येतील, असे प्रथमच म्हटले.

मागणी अमान्य होण्यामागे एक मोठे कारण होते, ते म्हणजे केईएमच्या परिचारिका. त्यांच्या पिढ्यामागून पिढ्यांनी अरुणाताईंना भरविले, स्वच्छ ठेविले आणि त्यांना सोडण्यास नकार दिला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. भगवती आराधना या ग्रंथात एका क्षपकाच्या सेवेसाठी ४८ निर्यापक मुनींची व्यवस्था सांगितली आहे. वैयावृत्य हे तर आपण अंतरंग तपात मोजतो. त्या परिचारिकांनी केलेले वैयावृत्य कोणत्या तपाहून उणे आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. उपचार चालू ठेवा अथवा थांबवा, सेवा मात्र थांबत नाही.

न्यायालयाची वाटचाल

कायद्याने या विषयात अनेक वळणे घेतली. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या प्रकरणात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. १९९६ साली ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फिरविला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, परंतु मरणाची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झाल्यावर सन्मानाने मरण येणे हा सन्माननीय जगण्याचाच भाग होय, असे त्या निकालाने सांगितले.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असे ठरविले, तेव्हा आपल्या समाजात उमटलेली वेदना वाचकांच्या स्मरणात असेलच. २४ ऑगस्टला देशभर जैन बांधवांनी मूक मोर्चे काढले आणि ३१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी, कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणे हा मूलभूत हक्काचा भाग मानला. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, हे मान्य केले. पुढे आपली शुद्ध हरपल्यास कोणते उपचार करू नयेत, हे आधीच लिहून ठेवण्यासही मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सोपी करण्यात आली. आता असे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते. रुग्णाची शुद्ध हरपल्यावर रुग्णालयाचे एक आणि त्यावर दुसरे अशी दोन वैद्यकीय मंडळे खातरजमा करतात आणि मगच उपचार थांबविले जातात.

निकालपत्रांतील ही भाषा आणि आचार्यांची भाषा यांत अंतर पुष्कळ आहे. तरीही दोघांनी विचारलेले प्रश्न मात्र सारखेच आहेत. रोगावर इलाज उरला आहे काय? निर्णय त्या व्यक्तीचा आहे काय? तो शांत चित्ताने घेतला आहे काय? आणि जाणकारांनी तो पारखला आहे काय?

आपल्या घरातील प्रश्न

आता या इतिहासाच्या प्रकाशात आपल्या घराकडे वळू.

पहिला प्रश्न पैशाचा. डायलिसिस साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास चालते. पोहरादेवीसारख्या गावाहून ज्याला मोठ्या गावी जावे लागते, त्याचे प्रवासासह तीन दिवस त्यातच जातात, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. २०१६ साली केंद्र सरकारने गरिबांसाठी जिल्हा रुग्णालयांतून मोफत डायलिसिसची योजना जाहीर केली आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही या उपचाराचा समावेश आहे. तरी येण्याजाण्याचा भार उरतोच. त्या भाराने थकून एखाद्या घरी उपचार सुटतात आणि मागाहून ‘बाबांनी संथारा घेतला’ असे सांगितले जाते. कठोर वाटले तरी लिहिले पाहिजे : पैशाअभावी सुटलेल्या उपचाराला सल्लेखना म्हणणे हा त्या पवित्र व्रताचाही अपमान आहे आणि त्या माणसाचाही. तेथे इलाज संपलेला नसतो, समाजाची मदत कमी पडलेली असते. अशा वेळी व्रताचे नाव घेण्याऐवजी औषधदानाची पेटी उघडणे हा आपला धर्म आहे.

दुसरा प्रश्न याच्या उलट. पैसा आहे, मुले परगावी आहेत, ‘काहीही करा पण वाचवा’ असा आग्रह आहे आणि सर्व अवयव निकामी झालेल्या, शुद्ध हरपलेल्या वृद्धाला एकामागून एक यंत्रे लावली जात आहेत. ही जीविताशंसा रुग्णाची नसते, ती घरच्यांची असते. छप्पर कोसळले असताना भिंतींना पाणी मारण्यासारखेच ते आहे.

तिसरा प्रश्न थकव्याचा. डायलिसिसवरील माणूस कंटाळतो, उदास होतो. पाणी मोजून प्यायचे, खाणे मोजून, मुलाचा खर्च डोळ्यांसमोर. अशा वेळी तो ‘आता नको’ म्हणतो, ते पुष्कळदा निराशेतून असते. ती मरणाशंसा होय. त्या उदासीवर उपचार आहे, तो आधी करावा. वस्तुतः डायलिसिस थांबविल्यावर, मूत्रपिंडे पूर्ण निकामी असतील तर, माणूस बहुधा एक-दोन आठवड्यांत जातो. म्हणूनच हा निर्णय एका वाईट दिवसाच्या शब्दावर घ्यायचा नसतो.

चौथा प्रश्न आपल्या आचाराचा. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून देण्यात येणारे हेपारिन हे औषध प्रामुख्याने डुकराच्या आतड्यापासून बनते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांना याचा मनस्वी त्रास होतो, त्यांनी उपचारच सोडण्यापूर्वी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. काही रुग्णांत हेपारिनशिवायही डायलिसिस करता येते. पोटातून द्रव सोडून घरीच करण्याच्या डायलिसिसमध्ये तर ते सहसा लागतही नाही. यातले ग्राह्य काय आणि त्याज्य काय, हे सांगण्याचा अधिकार गुरुजनांचा आहे. परंतु गुरुजनांपुढे प्रश्न ठेवताना माहिती पूर्ण असावी, इतकेच येथे सुचवावयाचे आहे. उपवास आणि पाण्याचे नियमही अशा रुग्णांनी विचारूनच घ्यावेत.

आपल्या परंपरेत नियम सल्लेखना आणि यम सल्लेखना असे दोन प्रकार आहेत. पहिली मुदतीची, दुसरी आमरण. संकट टळले तर पहिलीतून साधक परत येतो. हल्ली मूत्रपिंडतज्ज्ञही अनिश्चित प्रकृतीच्या वृद्धांसाठी ठराविक मुदतीपुरते डायलिसिस सुचवितात. महिना-दोन महिने करून पाहावे, आराम पडला तर चालू ठेवावे, न पडल्यास थांबवावे. एकात अन्नाला मुदत, दुसऱ्यात उपचाराला मुदत, दिशा उलट खरी, परंतु दोन्हींत एक शहाणपण समान आहे. निर्णय आधी ठरवावा, मुदत आधी ठरवावी आणि ऐनवेळी गोंधळात काही करू नये.

उपसंहार

एकंदर इतिहास पाहता एक गोष्ट ध्यानात येते. ‘निःप्रतीकार’ या शब्दाची सीमा स्थिर नाही. १९४३ पूर्वी मूत्रपिंड निकामी होणे हे निःप्रतीकार होते, आज नाही. उद्या आणखी काही रोग त्या यादीतून वगळले जातील. म्हणून आजोबांच्या वेळी जे धर्म्य होते, तेच नातवाच्या वेळी जसेच्या तसे धर्म्य असेल असे नाही. शास्त्र बदललेले नाही, त्यातील अट आज वेगळ्या ठिकाणी लागू होते. ती अट पारखण्यासाठी एका हाताशी जाणकार डॉक्टर असावा आणि दुसऱ्या हाताशी गुरू.

सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ट्रस्टच्या मान्यवर विश्वस्तांपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. एक म्हणजे औषधदानातून डायलिसिसच्या रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी, जातपात न पाहता, स्वतंत्र निधी असावा. बंजारा बांधवांच्या या तीर्थक्षेत्री आपला समाज पिढ्यान् पिढ्या सुखाने व्यापार करीत आला आहे. त्या ऋणाची अल्पशी परतफेड यातून होईल. दुसरी सूचना म्हणजे वर्षातून एकदा, पर्युषणानंतर, डॉक्टर, वकील आणि त्यागी-व्रती यांना एकत्र बोलावून वडीलधाऱ्यांना अखेरच्या इच्छा लिहून ठेवण्यासाठी साहाय्य करावे. दुकानाचे मृत्युपत्र आपण लिहितो, दागिन्यांची वाटणी लिहितो, शेवटच्या दिवसांविषयी मात्र एक ओळही लिहीत नाही आणि मग तो भार काचेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांवर पडतो.

ज्यांना वाचविता येते त्यांना पैशाअभावी जाऊ देऊ नये. ज्यांचा इलाज संपला आहे त्यांना यंत्राच्या जोरावर अडवून धरू नये. आणि दोन्ही वेळी ज्याचा देह आहे त्याला, तो बोलू शकतो आहे तोवर, विचारावे. इतके जरी आपल्या हातून घडले, तरी या पन्नास वर्षांच्या पुण्याईत मोलाची भर पडेल.

जय जिनेंद्र!